ताणावरची बाग

[दृश्य : सांगोला तालुका, डिसेंबरअखेर. डाळिंबाची बाग, पिवळी पानं, कोरडं ठिबक.]

बागेत पाय ठेवला आणि वाटलं, आपण उशिरा आलो. बाग गेली. पानं पिवळी, कडा मुडपलेल्या, ठिबकच्या नळ्यांवर धुळीचा थर. कॅमेरा बाहेर काढावा की नको, या विचारात होतो. मालक हसले. म्हणाले, "वाळली न्हाई ओ. ताणावर हाय."

सोलापूरकडे पिकाला ताण पडतो आणि बागेला ताण देतात. पडतो तेव्हा पावसानं दगा दिलेला असतो. देतात तेव्हा माणूस स्वतःच्या हातानं पाणी तोडतो. आपल्या हवेत डाळिंबाला मोकळं सोडलं तर ते वर्षभर थोडं थोडं फुलत राहतं, आणि असली फुटकळ फळं बाजारात नेऊन कुणाचं भागत नाही. म्हणून आंबे बहारासाठी, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत धरायच्या फुलोऱ्यासाठी, हलक्या मुरमाड रानात महिना-सव्वा महिना पाणी बंद. भारी काळ्या रानात त्याहून जास्त.

या महिन्याभरात झाडाच्या आत काय चालतं?

[दृश्य : पानाची मागची बाजू, सूक्ष्मदर्शकातून.]

पानाच्या पाठीवर ही बारीक तोंडं दिसतात, ती पर्णरंध्रं. प्रत्येक तोंडाला दोन ओठ, म्हणजे दोन रक्षक पेशी. मुळांना ओल मिळेनाशी झाली, की झाडात ॲबसिसिक आम्ल नावाचं संप्रेरक वाढतं. एरवी या पेशींतलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, दावणीला बांधलेलं असतं. दुसरं एक प्रथिन त्याला हलू देत नाही. ॲबसिसिक आम्ल आपल्या ग्राहक प्रथिनात, म्हणजे त्याला ओळखून धरणाऱ्या प्रथिनात, जाऊन बसतं. ते ग्राहक मग दावं धरणाऱ्या प्रथिनालाच पकडतं, आणि बांधलेलं विकर मोकळं सुटतं. हे ग्राहक सापडायला २००९ साल उजाडलं. सुटलेलं विकर पेशीच्या पटलातल्या वाटा उघडतं, पोटॅशियम आणि क्लोराइड बाहेर पडतात, त्यांच्यामागून पाणी जातं. फुगलेले ओठ सैल पडतात आणि तोंड मिटतं. काही मिनिटांचा खेळ.

पाणी वाचतं, पण हवाही आत येत नाही. वाढ थांबते. काडीत साखर आणि स्टार्च साठून राहतात. पुढच्या फुलांचं भांडवल तेच.

ताण पुरता बसला, की इथ्रेलची फवारणी होते. दुकानातून आणलेलं हे औषध झाडात शिरलं की पेशीतल्या कमी आम्लतेत फुटतं आणि त्यातून इथिलीन वायू निघतो. इथिलीन हे झाडाचं स्वतःचंच संप्रेरक. म्हणजे बाटलीतून आपण झाडाला त्याच्याच भाषेत निरोप धाडतो. देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ पट्टा असतो. तिथं विकरं तयार होतात आणि पेशींना जोडून ठेवणारा डिंक विरघळवतात. मालकांनी एका फांदीला बोट लावलं. नुसतं लावलं, हलवली नाही. सात-आठ पानं खाली आली.

ती पानं कुणी बागेत ठेवत नाही. गोळा करून बाहेर नेतात, खाली जमिनीवर ब्लीचिंग पावडर टाकतात. कारण पानांत तेल्या असू शकतो.

[दृश्य : डाग पडलेलं फळ, जवळून.]

हा तेल्या. कागदावर तेलाचा थेंब पडावा तसा डाग, म्हणून हे नाव. पुढे डाग काळपट होतो आणि फळ इंग्रजी एल किंवा वाय अक्षरासारखं चिरतं. हे काम झँथोमोनास कुळातल्या जिवाणूचं. भारतात त्याची पहिली नोंद १९५२ सालची, दिल्लीची. आपल्याकडे या शतकाच्या सुरुवातीला त्यानं बागाच्या बागा उपटायला लावल्या. २००५ साली सोलापुरात राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सुरू झालं. पुण्याच्या रस्त्यावर केगावला आहे ते.

जिवाणू पावसाच्या उडत्या थेंबातून येतो आणि जखमेतून किंवा याच पर्णरंध्रांतून आत घुसतो. झाडाला डोळे नाहीत, पण पेशीवरची ग्राहक प्रथिनं जिवाणूच्या शेपटीचा एक छोटा तुकडा ओळखतात. ओळख पटली की तोंडं मिटतात. पेशींत हायड्रोजन पेरॉक्साइड उसळतं, सॅलिसिलिक आम्ल वाढतं, संरक्षणाची जनुकं जागी होतात. जिवाणूही कच्चा नाही. सुईसारख्या नळीतून तो आपली प्रथिनं थेट पेशीत टोचतो आणि ही ओरड दाबतो. यातलं बरंचसं ज्ञान डाळिंबातून आलेलं नाही, हे सांगायला हवं. ते अरबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या एका किरकोळ तणातून आलं. डाळिंबाचा जनुकसंच प्रसिद्ध झाला तोच २०१७ साली.

त्याच तणावर २००६ साली दिसलं, की जिवाणू आल्यावर तोंड मिटायला ॲबसिसिक आम्लाचीच यंत्रणा लागते. म्हणजे दुष्काळाला आणि चोराला कडी एकच. पण एकदा चोर आत आला, की तेच ॲबसिसिक आम्ल सॅलिसिलिक आम्लाचा जोर कमी करतं. पाण्याच्या विवंचनेत असलेलं झाड रोगाशी अर्ध्या मनानं लढतं. घरात दोन संकटं एकदम आली की माणसाचंही काय होतं, ते इथं कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

[दृश्य : मंगळवेढा. काळं रान, भेगा, ज्वारी.]

हे उघड्या डोळ्यांनी पाहायचं असेल तर मंगळवेढ्याच्या ज्वारीत या. इथली मालदांडी पावसाळा सरता सरता पेरली जाते आणि काळ्या मातीत मुरलेल्या ओलीवर कणसाला येते. मोहोळला निवडलेला ३५-१ हा वाण याच मालदांडीतला. फुलोऱ्यानंतर ओल संपली, वर ऊन वाढलं, की कणीस दाण्यांसाठी ताटातली, म्हणजे ज्वारीच्या खोडातली, साखर ओढतं. ताट रिकामं, कमजोर. मग जमिनीतली बुरशी मुळांतून वर चढते आणि झाडं आडवी पडतात. शेतकरी त्याला खडखड्या म्हणतात. पाणी भरपूर असलेल्या रानात हीच बुरशी असूनही फारसं बिघडत नाही.

[दृश्य : विळ्यानं उभं चिरलेलं ताट.]

आत पाहा. गाभा गेलाय, सुटे धागे उरलेत, आणि त्यांवर कोळशाची पूड भुरभुरावी तसे काळे कण.

काही ज्वारी दाणे भरेपर्यंत हिरवी राहतात. इथिओपियाच्या एका ज्वारीत या गुणाचे जनुकसंचातले चार मोठे भाग सापडले. त्यांचं गुपित अगदी घरगुती आहे. फुटवे कमी, वरची पानं लहान, फुलोऱ्यापूर्वी पाण्याची काटकसर, म्हणून दाणे भरताना हाताशी ओल. असं ताट पडतही कमी.

[दृश्य : पुन्हा सांगोला, जानेवारी.]

छाटणी झाली, खत पडलं. आज पहिलं पाणी. मालक व्हॉल्व्हपाशी बसलेत, पण हात लावत नाहीत. एका झाडाकडे जाऊन त्यांनी काडी नखानं खरवडली. आत हिरवी.

"आता सोडतो," म्हणाले.

नळीत आधी हवा फुसफुसली, मग एक थेंब.