गिऱ्हाईक ‘टाइमपास’ कुणामुळे ठरतं?

नमस्कार मंडळी. आजचा व्हिडिओ काउंटरमागे उभं राहून विक्री करणाऱ्यांसाठी आहे, आणि त्यांना शिकवणाऱ्या मालक-मॅनेजरांसाठीही.

मी बरीच वर्षं घरगुती उपकरणांच्या शोरूममध्ये काम केलं. एका दुपारी एक गृहस्थ आले. पायात झिजलेल्या चपला, शर्टावर रंगाचे डाग, हातात घडी घातलेली चिठ्ठी. वॉशिंग मशीनपाशी थांबले आणि म्हणाले, “आमचा नळ जरा लांब आहे. याचा पाइप पुरेल का?”

मी चपलांकडे बघितलं. म्हटलं, “आधी रेंज बघून घ्या, मग बोलू.”

त्यांनी चिठ्ठी खिशात घातली, “बरं, येतो” म्हणाले आणि निघून गेले. मी शेजारच्या सहकाऱ्याला म्हणालो, “बघ, सांगत होतो ना? घेणारा नव्हताच.”

ते गृहस्थ श्रीमंत होते का? मला कधीच कळलं नाही, आणि त्याने काही फरकही पडत नाही. साध्या कपड्यातला माणूस मोठा धनवान निघाला, असे किस्से आपण खूप ऐकतो. त्यातून आपण शिकतो काय, तर साध्या माणसाशीही नीट वागा, कारण त्याच्याकडे पैसा असू शकतो. म्हणजे नजर पुन्हा पैशावरच! मला ते पटत नाही.

मी त्यांचा प्रश्न ऐकलाच नाही, ही माझी चूक. पाइपची लांबी कोण विचारतं? मशीन कुठे ठेवायचं हे ज्याचं ठरलंय तो. चिठ्ठीत बहुधा जागेची मापंच असावीत. अर्धी विक्री ते घरूनच करून आले होते, उरलेली मी मोडली. आणि वर स्वतःलाच सांगितलं की माझा अंदाज बरोबर निघाला.

हे कसं घडतं, ते एका प्रयोगात छान दिसतं. १९७७ साली अमेरिकेत मार्क स्नायडर, एलिझाबेथ टँके आणि एलन बर्शाइड या मानसशास्त्रज्ञांनी अनोळखी पुरुषांना आणि स्त्रियांना फोनवर बोलायला लावलं. बोलण्याआधी प्रत्येक पुरुषाला एक फोटो दिला. समोरची बाई हीच, असं सांगितलं, पण फोटो भलतीचाच होता. काहींना देखण्या बाईचा, काहींना तशी नसलेल्या बाईचा. बायकांना या फोटोंचा पत्ताच नव्हता. नंतर तिसऱ्याच लोकांना फक्त बायकांचं बोलणं ऐकवलं. ज्यांना समोरच्याने देखणी समजलं होतं, त्या बायका ऐकणाऱ्यांना जास्त मोकळ्या, जास्त आपुलकीने बोलणाऱ्या वाटल्या. पुरुष ज्या सुरात बोलले, त्याच सुरात त्यांना उत्तर मिळालं.

आता हे काउंटरवर आणा. ‘हा घेणार नाही’ असं मनात आलं की आपण खुर्चीतून उठत नाही. मोबाइल हातातच राहतो. उत्तर एका शब्दात येतं, डेमो अर्धवट होतो. समोरच्याला हे सगळं दिसतं. तो अवघडतो, दोन प्रश्न गिळतो आणि बाहेर पडतो. आपल्या खात्यात नोंद होते: टाइमपास.

मला सगळ्यात जास्त काळजी या नोंदीची वाटते. गेलेलं गिऱ्हाईक परत येऊन सांगत नाही की, अहो, मी पुढच्या दुकानातून घेतलं. त्यामुळे चुकलेला अंदाज चुकला हे आपल्याला कळतच नाही. वीस वर्षांचा अनुभव असलेला विक्रेता छातीठोकपणे म्हणतो, “मला चेहऱ्यावरून कळतं.” त्याच्या अनुभवात फक्त तीच गिऱ्हाइकं असतात, ज्यांना त्याने वेळ दिला. बाकीच्यांचा हिशेब कुठे आहे?

काही जण म्हणतात, आम्ही उलटं ओळखतो, साधा दिसतो तोच खरा घेणारा. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात मिलानमधल्या महागड्या बुटिकांच्या विक्रेत्यांनी असंच सांगितलं होतं. फरचा कोट घातलेल्या बाईपेक्षा व्यायामाच्या कपड्यात आलेली बाई खरेदी करेल, असं त्यांना वाटलं. पण हासुद्धा कपड्यांवरूनच बांधलेला अंदाज झाला, फक्त दिशा बदलली.

आणि कपड्यांवर हे थांबत नाही. इयान एअर्स आणि पीटर सीगलमन यांनी शिकागोच्या परिसरातल्या मोटारविक्रेत्यांकडे एकसारखंच बोलायला शिकवलेले लोक पाठवले. १९९५ मध्ये त्याचे निष्कर्ष आले: गोऱ्या पुरुषांपेक्षा कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांना आणि स्त्रियांना त्याच गाडीची किंमत चढी सांगितली गेली. इथे गिऱ्हाईक दुकानातून गेलंही नाही, तरी त्याच्यावर अन्याय झालाच.

“गर्दीच्या वेळी सगळ्यांना सारखा वेळ कुठून आणायचा?” रास्त प्रश्न आहे. निवड करावीच लागते, मग ती प्रश्नांवरून करा. घरपोच कधी मिळेल, बसवून कोण देणार, दारातून आत जाईल का, बिघडलं तर कुणाला बोलवायचं, हे विचारणारा माणूस खरेदीच्या जवळ आलेला असतो. तो काय घालून आलाय, त्यावरून फार तर इतकंच कळतं की येण्याआधी तो काय करत होता. शिवाय पैसे देणारा घरी बसलेला असू शकतो, समोरचा फक्त पाहणी करायला आलेला असतो.

पहिलं मिनिट प्रत्येकाला सारखं द्या. उठून उभे राहा आणि विचारा, “कुणासाठी बघताय? ठेवणार कुठे?” बजेटही विचारा, पण गरज कळल्यावर, आणि सगळ्यांना त्याच शब्दांत. एकाला थेट स्वस्तातलं, दुसऱ्याला थेट महागातलं, असं दाखवू नका. एक आठवडा वही ठेवा. गिऱ्हाईक आत आलं की आपला अंदाज लिहा, मग पूर्ण डेमो द्या आणि शेवटी काय झालं ते लिहा. डेमो मात्र खरंच पूर्ण द्या, नाहीतर वही तुमचंच म्हणणं तुम्हाला परत ऐकवेल.

त्या दिवशी दुकान बंद करताना मी मशीनचं माहितीपत्रक उघडून बघितलं. पाइप दीड मीटरचा होता. लांब नळासाठी लागणारा मोठा पाइप आमच्याकडेच होता, मी उभा होतो त्या काउंटरच्या खालच्या खणात.