सत्तर लिटरच्या हिशेबाने कोल्हापूर

(दृश्य : पहाट. गुऱ्हाळघराच्या अंगणात उभी कॅम्परव्हॅन, मागे चुलवाणाचा धूर.)

चाकांवरच्या घरात दिवस सुरू होतो तो टाकीतले पाणी पाहून. आमच्या गाडीत चांगल्या पाण्याची ७० लिटरची एक टाकी आहे आणि सांडपाण्याची ५० लिटरची दुसरी. दोन माणसांचा स्वयंपाक, भांडी, हात-तोंड धुणे आणि अंग पुसण्यापुरते पाणी एवढ्यात अडीच दिवस निभावते, तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी दारात उभे राहून पाणी मागावे लागते. कोकणातून निघाल्यापासून हाच हिशेब डोक्यात असल्यामुळे कोल्हापूरही आम्ही याच हिशेबाने पाहिले.

शहराकडे यायला आम्ही महामार्ग घेतला नाही. फोंडा घाट चढून दाजीपूरच्या जंगलातून राधानगरीला उतरलो आणि तिथून भोगावतीच्या सोबतीने खाली आलो. हा रस्ता अरुंद आणि वळणांचा असल्याने उंच गाडी सावकाश चालवावी लागते, पण कोल्हापूरचे पाणी कुठून येते हे पाहायचे असेल तर याच रस्त्याने यावे, असे आमचे मत झाले. राधानगरीचे धरण ही राजर्षी शाहू महाराजांची योजना. १८९४ ते १९२२ या आपल्या कारकिर्दीत दुष्काळ आणि प्लेग दोन्ही पाहिलेल्या या राजाने, संस्थानाच्या तिजोरीला पेलणार नाही असे वाटावे इतके मोठे काम भोगावतीवर हाती घेतले. ते त्यांच्या हयातीत पूर्ण झाले नाही, स्वातंत्र्यानंतर झाले. या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाण्याची पातळी ठरावीक उंचीवर गेली की पाण्याच्याच दाबाने ते उघडतात आणि पातळी उतरली की आपोआप मिटतात. पावसाळ्यात ‘राधानगरीचे किती दरवाजे उघडले’ हा प्रश्न कोल्हापुरातल्या प्रत्येक घरात विचारला जातो, कारण ते पाणी काही तासांत शहराच्या उंबऱ्याशी येणार असते.

(दृश्य : काहिलीत उकळणारा रस, गुळव्याचे हात.)

मुक्कामाची जागा मिळाली ती शहराच्या अलीकडे, राधानगरी रस्त्यालगतच्या एका गुऱ्हाळघराच्या अंगणात. नोव्हेंबरचा दुसरा आठवडा होता आणि हंगाम नुकताच सुरू झाला होता. चरकातून निघालेला उसाचा रस काहिलीत ओतलेला होता, खाली चुलवाणात वाळलेली चिपाडे जळत होती आणि रानभेंडीचा चिकट रस घातल्यामुळे वर आलेली मळी एक माणूस लांब दांड्याच्या झाऱ्याने काढून टाकत होता. रस दाटत आला तसा गुळव्या पुढे झाला. त्याने पाक थोडासा घेतला आणि शेजारी ठेवलेल्या गार पाण्याच्या भांड्यात सोडला. पाण्यात बोटे घालून त्याने त्या पाकाची गोळी वळली, ती भांड्याच्या काठावर आपटून आवाज ऐकला, मान हलवली आणि पुन्हा वाट पाहू लागला. थर्मामीटर कुठेच नव्हते. तिसऱ्या वेळी गोळी मनासारखी झाली आणि चौघांनी मिळून काहील उतरवली. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागे ही गार पाण्यातली बोटे आहेत.

पाण्याविषयी आम्ही संकोचतच विचारले, तेव्हा गुऱ्हाळाचे मालक म्हणाले, “पाणी काय मागून घ्यायचं असतंय व्हय? लावा की नळी.”

शहरात मात्र गाडी नेऊ नये. पावणेनऊ फूट उंचीची गाडी महाद्वार रोडच्या किंवा गंगावेशीच्या गर्दीत घालणे हा तिथल्या माणसांवर अन्याय आहे. शिवाय जुन्या पेठांमधल्या तारा आणि दुकानांच्या पत्र्याच्या पडव्या कुठे आडव्या येतील याचा भरवसा नसतो. आम्ही गाडी अंगणातच ठेवली आणि तिन्ही दिवस एस.टी.ने शहरात गेलो, पुढे पायी फिरलो.

(दृश्य : कपिलतीर्थ मंडई, भाजीवाल्या मावशी.)

पायी फिरताना लक्षात येते की कोल्हापूरच्या नकाशावर पाण्याची नावे आहेत आणि त्यातल्या अनेक ठिकाणी आता पाणी नाही. कपिलतीर्थ हे आज भाजी मंडईचे नाव आहे. वरुणतीर्थाच्या जागी गांधी मैदान आहे आणि दर पावसाळ्यात तिथे पाणी साचते, जणू तळ्याला आपली जागा ठाऊक आहे. मंगळवार पेठेत ‘पाण्याचा खजिना’ नावाचा भाग आहे. कळंबा तलावातून शहरासाठी आणलेले पाणी तिथे साठवले जात असे. पाणी साठवण्याच्या जागेला ज्या गावाने खजिना म्हटले, त्या गावाला पाण्याची किंमत कुणी शिकवण्याची गरज नाही. अंबाबाईच्या मंदिराच्या आवारातील मणिकर्णिका कुंडही अनेक दशके मातीखाली होते. अलीकडच्या वर्षांत उत्खनन करून ते पुन्हा मोकळे करण्यात आले. रंकाळा तलाव मात्र टिकला. संध्याकाळी त्याच्या काठावर भेळ खात बसलेले अर्धे कोल्हापूर पाहिले की त्याचे समाधान वाटते.

मंदिरात आम्ही गेलो ते किरणोत्सवाच्या दिवसांत. परंपरेने ९, १० आणि ११ नोव्हेंबरला, तसेच ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला मावळत्या सूर्याची किरणे पश्चिमेच्या महाद्वारातून आत शिरतात, गरुड मंडप ओलांडतात आणि गाभाऱ्यातल्या देवीपर्यंत जातात. पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी छाती आणि तिसऱ्या दिवशी मुख, असा त्यांचा चढता क्रम मानला जातो. वाटेत एखादी इमारत आली, हवेत धूळ किंवा बाष्प जास्त असले, की किरणे मध्येच क्षीण होतात. आम्ही उभे होतो त्या संध्याकाळी ती चरणांना स्पर्शून तिथेच विरली. एक वृद्ध आजी शेजारच्या मुलीला शांतपणे म्हणाल्या, “उद्या येऊ.” तेवढ्या दोन शब्दांत शेकडो वर्षांची सवय होती.

गंगावेशीत भल्या पहाटे जावे. तिथल्या दूध कट्ट्यावर म्हशी आणून समोर धार काढली जाते आणि फेसाळ, कोमट दूध तिथेच पेल्यात मिळते. तालमीतून आलेली पोरे ते एका दमात पितात. तालमीत जमीन खोदून केलेल्या ज्या चौकोनात कुस्ती होते, त्याला ‘हौद’ म्हणतात, पण त्यात लाल माती असते, तेल, ताक, हळद आणि लिंबू घालून मऊ राखलेली. याच मातीसाठी शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागेचे मैदान उभे केले. त्याच्याच लगत गायक-नट केशवराव भोसले यांच्या नावाचे, १९१५ सालचे नाट्यगृह आहे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते आगीत भस्मसात झाले. तो जळालेला सांगाडा पाहून रस्त्यात उभ्याने रडलेली माणसे या शहरात आहेत.

(दृश्य : पंचगंगा घाट, पाण्यात अर्धी बुडालेली मंदिरे.)

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानली गेलेली सरस्वती मिळून पंचगंगा होते. नोव्हेंबरात ती घाटाच्या पायऱ्यांशी इतकी शांत असते की हिच्याविषयी ऐकलेले खरे वाटत नाही. शहराच्या उत्तरेला कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर तिची पातळी मोजतात. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी प्रत्येक कोल्हापूरकराला पाठ असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये ती ५५ फुटांच्या वर गेली. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि मालमोटारींच्या रांगा दिवसेंदिवस जागेवर उभ्या राहिल्या. पावसाळ्यात घर घेऊन फिरणाऱ्यांनी या काठावर मुक्काम करू नये, आणि करायचाच तर आधी तो आकडा पाहावा.

सारा महाराष्ट्र ज्याला ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ म्हणून ओळखतो, त्याची रचना अगदी साधी आहे. दगडी खांबांच्या खाचांमध्ये पावसाळा संपल्यावर बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, बसवायचे, म्हणजे पाणी अडते, आणि पुढच्या पावसाआधी ते काढून घ्यायचे, म्हणजे पुराला वाट मिळते. नदीचा मान राखून तिच्याकडून पाणी मागण्याची ही रीत आम्हाला फार आवडली.

याच नदीला शहरातून वाहत आलेला जयंती नाला मिळतो. शहराचे सांडपाणी पंचगंगेत जाण्याचा प्रश्न जुना आणि क्लेशाचा आहे. खाली इचलकरंजीपर्यंत याच काठाने माणसे राहतात. त्यामुळे आमची ५० लिटरची दुसरी टाकी रस्त्याकडेच्या गटारात सोडण्याचा विचारही मनात आला नाही. गुऱ्हाळाच्या मागे शोषखड्डा होता, मालकांना विचारून ती तिथे रिकामी केली.

पिण्याच्या पाण्यासाठी आता शहराने पंचगंगेच्या पलीकडे पाहिले आहे. दूधगंगेवरच्या काळम्मावाडी धरणातून ५० किलोमीटरहून लांब थेट पाइपलाइन टाकून ते पाणी २०२३ च्या दिवाळीत शहरालगतच्या पुईखडीला आले. त्यासाठी इथल्या माणसांनी कित्येक वर्षे आंदोलने केली होती.

(दृश्य : सकाळ. अंगणात नळी लावलेली गाडी.)

निघायच्या दिवशी मालकांनीच नळी ओढत आणून टाकीला लावली. २०२१ च्या पुरात त्यांचा नदीकाठचा ऊस आठ दिवस पाण्याखाली होता, असे ते बोलता बोलता सांगून गेले. टाकी भरत आली, काठावरून पाण्याची एक बारीक धार मातीत सांडली, आणि आम्ही हात पुढे करण्याआधीच त्यांनी धावत जाऊन नळ बंद केला.