आवाजातलं भोक बुजवायचं कसं

कॉलवर आपला आवाज सलग जात नाही, त्याचे तुकडे पडतात, बहुतेक ठिकाणी एक तुकडा २० मिलिसेकंदांचा, म्हणजे सेकंदाला ५०. या तुकड्याला फ्रेम म्हणतात, आणि त्या पॅकेटमध्ये, म्हणजे डेटाच्या छोट्या गठ्ठ्यात, घालून नेटवर्कवरून पाठवतात. वेबपेज उघडताना एखादं पॅकेट हरवलं तर सर्व्हर ते परत पाठवतो, कुणाला पत्ताही लागत नाही. बोलण्यात ते बहुतेक वेळा जमत नाही, कारण आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची जी.११४ शिफारस सांगते की एका बाजूचा उशीर शक्यतो १५० मिलिसेकंदांच्या आत ठेवा, त्याच्या बराच वर गेलं की दोघं एकदम बोलायला लागतात आणि मग "बोला बोला, नाही तुम्ही बोला" सुरू होतं. आणि पॅकेट हरवायलाच पाहिजे असंही नाही, उशिरा आलं तरी ते गेल्यातच जमा. स्पीकरला या क्षणी सॅम्पल, म्हणजे लहरीची उंची सांगणारे आकडे, हवेत, ते हातात नाहीत, विषय संपला, स्पीकर काही थांबत नाही.

मग सगळ्यात सोपं काय, तर शांतता टाका. हे ऐकायला फार वाईट लागतं. चालू असलेली लहर मधेच शून्यावर आपटते, काही मिलिसेकंदांनी परत उसळते, त्या दोन्ही कडांना टक् टक् येतं आणि माणूस खरखरतोय असं वाटतं. आपला कान इथे मजेशीर वागतो. १९७० साली रिचर्ड वॉरेन यांनी एका रेकॉर्ड केलेल्या वाक्यातला एक 'स' कापून तिथे खोकला भरला, आणि ऐकणाऱ्या २० पैकी १९ जणांना काही गेलंय हेच कळलं नाही, मेंदूने तो 'स' स्वतःच भरून घेतला. तिथे नुसती शांतता ठेवली तर मात्र लोकांना भोक बरोबर सापडतं. म्हणजे चुकीचा आवाज कान पोटात घालतो, रिकामी जागा नाही घालत.

आता हे करतात कसं ते एका जुन्या पण अजून शिकण्यासारख्या पद्धतीवर बघू, टेलिफोनचा आवाज आकड्यांत बदलायच्या जी.७११ या मानकाची अपेंडिक्स १, १९९९ ची. समजा कुणीतरी 'आ' म्हणतंय आणि आवाजाची पिच, म्हणजे स्वराची उंची, १२५ हर्ट्झ आहे. म्हणजे तीच लहर दर ८ मिलिसेकंदांनी स्वतःला रिपीट करते, टेलिफोनच्या सेकंदाला ८००० सॅम्पलच्या हिशोबात ६४ सॅम्पल. फ्रेम गेली की डिकोडर, म्हणजे आलेल्या डेटाचा परत आवाज करणारा भाग, मागच्या साठवलेल्या आवाजात हा ६४ चा आकडा शोधून काढतो, शेवटची लहर उचलतो आणि पुढे चिकटवत जातो. सांधा दिसू नये म्हणून दोन्ही बाजू थोड्या एकमेकांवर चढवून मिसळतो, त्यासाठी सगळा आवाज आधीपासूनच ३.७५ मिलिसेकंद उशिरा सोडलेला असतो. खरी फ्रेम परत आली की तिथेही तसंच, बनावट आवाज जरा पुढे ओढायचा आणि खऱ्यात विरघळवायचा.

पण एकच लहर फार वेळ घासत बसलात तर माणसाचा आवाज जाऊन बझर वाजायला लागतो. म्हणून १० मिलिसेकंदांनंतर दोन लहरी वापरतात, मग तीन, आणि त्याचबरोबर आवाज दर १० मिलिसेकंदांना २० टक्के उतरवतात, ६० मिलिसेकंदांना पूर्ण बंद. मला या सगळ्यात हे उतरवणंच सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. ६० मिलिसेकंदांत बोलणारा 'आ' वरून 'ट' वर गेलेला असू शकतो, आपण 'आ' ओढत बसलो तर ती मदत नाही, थाप झाली. जीएसएम या मोबाइल फोनच्या पद्धतीतही हाच विचार, आधी मागची चांगली फ्रेम परत वाजवा, मग हळूहळू म्यूट करा.

आवाज कॉम्प्रेस करणाऱ्या कोडेकमध्ये, म्हणजे तो डेटात बांधणाऱ्या आणि परत उलगडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, अजून एक डोकेदुखी असते. ते पुढची फ्रेम मागच्यावरून अंदाज बांधून लिहितात, त्यामुळे एक फ्रेम गेली की पुढच्या एक-दोन नीट पोचूनही बिघडलेल्या वाजतात, कारण डिकोडरची आठवणच चुकलेली असते. म्हणून इंटरनेट कॉलवर चालणारा ओपससारखा कोडेक, सोय चालू केली तर, मागच्या फ्रेमची जाडीभरडी कॉपी पुढच्या पॅकेटमध्ये टाकून देतो. ही कॉपी फुकट नाही, बिटरेट (सेकंदाला पाठवायचा डेटा) खाते, आणि पुढचं पॅकेट येईपर्यंत आवाज बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, थांबवायची तयारी लागते. २०२४ च्या ओपस १.५ मध्ये तर न्यूरल नेटवर्क वापरून अशी एक सेकंदापर्यंतची कॉपी बसवायची सोय आली.

न्यूरल नेटवर्कने भोक बुजवणं २०२० मध्ये गुगलच्या ड्युओ या व्हिडिओ कॉलच्या ॲपमध्ये आलं, आणि ऐकायला ते लहरी चिकटवण्यापेक्षा कितीतरी नैसर्गिक आहे, अर्धवट राहिलेला अक्षराचा शेवट ते पुरा करतं. तिथेसुद्धा साधारण १२० मिलिसेकंदांपुढे आवाज विरवून टाकायचे, आणि माझ्या मते ते बरोबरच आहे, न बोललेला शब्द कुणाच्या तोंडी घालायचा हक्क सॉफ्टवेअरला कुणी दिलाय?

संगीताचं विचाराल तर पिचची युक्ती तिथे फारशी चालत नाही, एकावेळी दहा वाद्यं वाजत असतील तर कुणाची पिच धरणार. म्हणून तिथे बरेच डिकोडर मागच्या फ्रेमचा स्पेक्ट्रम, म्हणजे कुठला सूर किती जोरात आहे याचे आकडे, घेतात, आकडे तेच ठेवतात आणि त्यांची अधिक-उणे चिन्हं वाटेल तशी बदलतात, म्हणजे तोच सूर भुणभुणत नाही. सलग तंबोऱ्यासारख्या आवाजावर हे झकास बसतं. तबल्याची थापच नेमकी त्या फ्रेममध्ये असेल तर मात्र ती गेली, मागे तिची काही खूणच नसते.