दोष गाडीचा की चालवणाऱ्याचा? आधी जॉब कार्ड वाचा

नमस्कार. नाशिकच्या गंगापूर रोडवर मिसळ खायला दर रविवारी सकाळी आमच्या ओळखीतले सात-आठ गाडीवाले जमतात आणि रश्श्याची दुसरी वाटी येईपर्यंत विषय हमखास एकाच कंपनीवर जाऊन थांबतो. त्या कंपनीची डिझेल एसयूव्ही आमच्यापैकी तिघांकडे आहे, मीही त्यांतलाच. कंपनीचे नाव मी येथे घेणार नाही, कारण नाव घेतले की बोलणे गाडीचे न राहता बाजू घेण्याचे होते.

वाद असा आहे. माझ्या गाडीत दीड वर्षात तीन वेळा डीपीएफचा, म्हणजे धुराच्या गाळणीचा, पिवळा दिवा लागला. आमच्यातल्या अण्णांकडे तेच मॉडेल आणि तेच इंजिन आहे, पण ते आठवड्यातून दोनदा कसारा घाट उतरून भिवंडीला जातात आणि हा दिवा त्यांनी अजून पाहिलेलाही नाही. त्यामुळे "अरे, गाडी उत्तम आहे, तुलाच डिझेल गाडी वापरता येत नाही," हे त्यांचे ठरलेले वाक्य. माझा प्रश्न असा की, सोळा लाख मोजून घेतलेली गाडी घर ते सातपूर एमआयडीसी एवढी रोजची ये-जा सोसत नसेल, तर त्यात माझा अपराध कोणता?

प्रकार नीट समजून घेऊ. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ ही प्रदूषणाची मानके लागू झाली आणि डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारी डीपीएफ ही गाळणी या गाड्यांच्या धुराच्या वाटेवर आली. अडवलेली काजळी अधूनमधून जाळावी लागते आणि त्यासाठी गाळणी सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापावी लागते. महामार्गावर गाडी सलग वेगात चालली की हे काम बिनबोभाट उरकते. शहरात तेवढी उष्णता मिळत नाही, म्हणून गाडीचा संगणक सिलिंडरमध्ये जादा डिझेल फवारून ती वाढवू पाहतो. पण तेवढ्यात आपण कंपनीच्या गेटवर पोहोचून इंजिन बंद करतो आणि काम अर्धवट राहते. असे वारंवार झाले की न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खाली इंजिन ऑइलमध्ये मिसळते. मी एका सकाळी थंड इंजिनची डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी पाहायची पट्टी, काढली, पुसली, पुन्हा घालून पाहिली, तर ऑइल कमाल खुणेच्या वर चढलेले होते आणि पुसायच्या फडक्याला डिझेलचा वास येत होता. ऑइल वापराने कमी होत जाते. ते वाढलेले दिसले की समजावे, त्यात दुसरे काहीतरी आले आहे.

म्हणजे तांत्रिक बाजूने अण्णा बरोबर आहेत, हे मला मान्य करावे लागते. मात्र शोरूममध्ये रंग, सनरूफ आणि फायनान्सबद्दल तासभर बोलणाऱ्या माणसाने रोजचे रनिंग किती, हा एक प्रश्न विचारला असता, तर मी पेट्रोल गाडी घेतली असती.

खरी चीड मात्र सर्व्हिस सेंटरची आहे. तिन्ही वेळा मी तोंडी सांगितले की दिवा लागतो आणि ऑइल वाढते. गाडीची तक्रार आणि काम ज्यावर लिहितात ती तिन्ही जॉब कार्डे घरी येऊन वाचली, तर पहिल्यावर "जनरल चेकअप", दुसऱ्यावर "वॉर्निंग लाइट चेक" आणि तिसऱ्यावर "ओके" एवढेच लिहिलेले होते. ऑइलचा उल्लेख एकाही कार्डावर नव्हता. स्कॅनर लावून, गाडी उभी ठेवून काजळी जाळून दिली, बिल घेतले आणि विषय संपवला. उद्या कोणी विचारले तर कागदोपत्री माझी गाडी तीन वेळा उगाच येऊन गेली, असेच दिसेल.

इथे आमच्यातला तिसरा गडी बोलला. तो अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे आणि त्यांचा माल गाड्यांच्या कंपन्यांना जातो. तो म्हणाला, "आमचा एक पीस त्यांच्या लाइनवर खराब निघाला, तर ते आमच्याकडून एट-डी रिपोर्ट मागतात. आधी काय झाले ते मोजमापासह लिहायचे, मग खराब माल वेगळा काढायचा, मग मूळ कारण शोधायचे आणि ते पुन्हा होऊ नये म्हणून काय बदलले तेही दाखवायचे. 'ओके' लिहून पाठवले, तर आमची ऑर्डर जाईल." मिसळीच्या टेबलावर मी ऐकलेले हे सर्वांत मोलाचे वाक्य आहे. पुरवठादाराकडून जी शिस्त कंपनी सक्तीने पाळून घेते, तीच शिस्त तिच्या अधिकृत काउंटरवर ग्राहकाच्या वाट्याला येत नाही, आणि आपणही ती मागत नाही. आपण आवाज चढवतो.

कागदाचे महत्त्व कायद्यातही तेवढेच आहे. मारुती उद्योगच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये म्हटले की, वॉरंटीची अट सदोष भाग बदलून देण्याची असेल, तर त्या अटीवरून सबंध गाडी बदलून मागता येत नाही. त्यामुळे "नवी गाडी द्या" ही आमच्या टेबलावरची लाडकी मागणी सहसा टिकत नाही. "रिकॉल करायला लावू" हेही तसेच. मोटार वाहन कायद्यातली सक्तीच्या रिकॉलची तरतूद पर्यावरणाला किंवा माणसांच्या जिवाला धोका ठरणाऱ्या दोषांसाठी आहे, माझ्या मनस्तापासाठी नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अपुऱ्या सूचनांसाठी उत्पादकाला जबाबदार धरता येते खरे, पण त्या जबाबदारीसाठी कायद्याने दिलेल्या हानीच्या व्याख्येतून खुद्द वस्तूचे नुकसान वगळलेले आहे. तेव्हा आपला मार्ग वस्तूतील दोष आणि सेवेतील त्रुटी हाच. त्यासाठी नाशिकचा रहिवासी नाशिकच्याच जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ शकतो, तक्रारीची मुदत दोन वर्षांची असते आणि मोजलेली किंमत दहा ते वीस लाखांच्या दरम्यान असेल, तर शुल्क ४०० रुपये आहे. दोष तपासणीशिवाय ठरवता येत नसेल, तर आयोग प्रयोगशाळेचा अहवाल मागवू शकतो. पण तेथे पहिला प्रश्न येणार तो हाच, की तक्रार केव्हा आणि कोणत्या शब्दांत नोंदवली.

चौथ्या खेपेला मी तोंडी काहीच सांगितले नाही. किलोमीटरची नोंद, दिवा लागल्याच्या तारखा आणि डिपस्टिकचे फोटो जोडलेले पत्र दोन प्रतींत नेले, एका प्रतीवर शिक्का घेतला आणि जॉब कार्डावर माझेच शब्द उतरेपर्यंत किल्ली दिली नाही. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर म्हणाला, "सर, सिस्टिममध्ये एवढे लिहिता येत नाही." मी म्हटले, "मग पेनाने लिहा." त्याने लिहिले. नऊ दिवसांनी कंपनीचा एरिया इंजिनिअर आला आणि त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "रोजचे रनिंग किती आहे?"

ऑइल आणि फिल्टर त्यांनी विनामूल्य बदलले, सॉफ्टवेअर अपडेट केले आणि कारणासह ते कार्डावर नोंदवले. मी दर रविवारी सिन्नरपर्यंत एक फेरी मारतो, डिझेल माझेच जळते, आणि सोमवारी सकाळी डिपस्टिकचा फोटो काढतो. या सोमवारच्या फोटोत ऑइल खुणेच्या आत आहे. अण्णांना तो दाखवला, ते म्हणाले, "मी काय सांगत होतो?"