लामालेरा : वाट्यावर उभं असलेलं गाव

मित्रहो, आजच्या गावाची ओळख मी एका बाजारभावापासून करून देतो. देवमाशाच्या सुक्या मांसाची एक पट्टी द्यायची आणि मक्याची १२ कणसं घ्यायची. कणसं नको असतील तर १२ केळी. पिढ्यान् पिढ्या चालत आलेला हा भाव आहे आणि त्यात पैसा कुठेच येत नाही.

हा भाव चालतो शेजारच्या वुलांदोनी गावच्या शनिवारच्या बाजारात. समुद्राकडच्या बायका एका बाजूला बसतात, डोंगराकडच्या दुसऱ्या बाजूला. सगळ्यांचा माल मांडून झालेला असतो, पण कुणी हात पुढे करत नाही. बाजाराचा कारभारी आधी सगळ्यांकडून थोडा थोडा माल कर म्हणून गोळा करतो आणि मग शिट्टी फुंकतो. शिट्टी वाजली की एकदम गलका उठतो. तासाभरात मासे डोंगराच्या टोपल्यांत आणि मका समुद्राच्या टोपल्यांत गेलेला असतो.

समुद्राकडच्या त्या बायका लामालेराच्या. इंडोनेशियाच्या पूर्व नुसा तेंगारा प्रांतात, फ्लोरेसच्या पूर्वेला लेम्बाता नावाचं बेट आहे. त्याच्या दक्षिण किनाऱ्यावर, सावू समुद्राकडे तोंड करून हे गाव बसलंय. वस्ती दोनेक हजारांची. एक भाग खाली पुळणीला लागून, दुसरा वर कड्यावर. पाठीशी लाबालेकांग हा ज्वालामुखी. जमीन इतकी उभी आणि खडकाळ की तिच्यात पोटापुरतं पिकत नाही. समोर मात्र पाणी एकदम खोल होतं, आणि त्या खोल पाण्यातून देवमासे किनाऱ्याच्या अगदी जवळून जातात. गावाचं सगळं जगणं या दोन गोष्टींतून आलंय. मांस आहे, पण धान्य नाही.

लामालेरावर जे काही लिहिलं-दाखवलं जातं, त्यात बहुतेक वेळा एकच चित्र असतं: होडीच्या नाळेवरून हवेत झेपावलेला माणूस आणि हातात भाला. चित्र खरंच आहे. पण ती उडी क्षणभराची असते. गाव उभं आहे ते उडीनंतर जे घडतं त्यावर, असं माझं मत आहे.

तरी आधी होडीकडे बघू. तिला ‘तेना’ म्हणतात, इंडोनेशियन भाषेत ‘पलेदांग’. लांबी दहाएक मीटर. तिच्यात लोखंडाचा एक खिळा नसतो. फळ्या लाकडी खुंट्यांनी जोडायच्या आणि आतल्या वाकांना, म्हणजे होडीच्या फासळ्यांना, दोरानं आवळायच्या. आराखडा कागदावर नसतो, तो सुताराच्या डोक्यात आणि हातात असतो. वाडवडिलांनी जशी फळी बसवली तशीच बसवायची. जागा चुकली तर देवमासा नेमका तिथेच होडी फोडतो, अशी श्रद्धा आहे. शीड ताडाच्या जातीच्या एका झाडाच्या पानांचं, चटईसारखं विणलेलं. होडी ही त्यांच्या लेखी जिवंत असते, घराण्यातलंच एक माणूस. तिचं घराणं असतं, तिचे हक्क असतात आणि ती दुखावलीसुद्धा जाते.

नाळेच्या पुढे बांबूचा एक अरुंद मचाण काढलेला असतो. त्यावर उभा राहतो तो ‘लामाफा’, म्हणजे भालेकरी. स्पर्म व्हेल जातीच्या देवमाशाला ते ‘कोतेकलेमा’ म्हणतात. होडी त्याच्या पाठीशी भिडेपर्यंत वल्हवायची. लामाफा लांब बांबूला बसवलेलं लोखंडी पातं दोन्ही हातांत धरून स्वतःच उडी मारतो. नुसत्या हाताच्या जोरानं ते पातं आत रुतत नाही, त्याला अख्ख्या अंगाचं वजन लागतं. मग तो पाण्यात, देवमाशाच्या शेजारी. तिथून पोहत परत होडीवर यायचं. दोराला बांधलेली होडी देवमासा कधी तासन् तास ओढत नेतो. १९९४ साली अशाच काही होड्या दूर खेचल्या गेल्या आणि माणसं कित्येक दिवस उघड्या समुद्रात अडकून पडली होती. नीलदेवमाशाला मात्र हे लोक हात लावत नाहीत. त्यानं एकेकाळी आपल्या पूर्वजांना तारलं, अशी कथा ते सांगतात.

आता वाटणी. देवमासा पुळणीवर आला की त्याच्या अंगावर जणू आधीच रेघा आखलेल्या असतात. कोणता तुकडा कुणाचा, हे मारण्याआधी कितीतरी पिढ्या ठरून गेलेलं आहे. लामाफाचा वाटा, प्रत्येक खलाशाचा वाटा, ज्या घराण्यांची होडी त्यांचा वाटा. होडी बांधणाऱ्या सुताराला वाटा, पातं घडवणाऱ्या लोहाराला वाटा, शीड विणणाऱ्याला वाटा. आजचे लोक बाहेरून आले, त्याआधी ही जमीन ज्यांची होती त्या घराण्यांचाही मान राखलेला असतो. आपल्याकडच्या बलुत्याची आठवण यावी असं हे आहे. आणि हे सगळे आपापला वाटा घरी नेऊन पुन्हा भाऊबंदांत, शेजाऱ्यांत, विधवांच्या आणि पोरक्या मुलांच्या घरांत वाटतात. ज्या घरात होडीवर जाणारा पुरुष उरला नाही, त्या घराच्या बांबूवरही पट्ट्या वाळताना दिसतात. उन्हात त्यातून तेल ठिबकत असतं. ते खाली भांड्यात धरून ठेवतात. पूर्वी त्याच तेलावर दिवे जळत.

पट्ट्या सुकल्या की काम बायकांचं. टोपली डोक्यावर घ्यायची आणि डोंगरातल्या गावांत पायी जायचं, दारोदार. मांस देऊन मका, केळी, रताळी घेऊन यायची. उडी मारणाऱ्याचं नाव जगभर पोहोचतं, ही चढण चढणारीचं पोहोचत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण लामालेराचं रोजचं जेवण तिनं आणलेलं असतं.

१९७० च्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेनं इथली शिकार आधुनिक करायचं ठरवलं. नॉर्वेहून जाणकार माणूस आणला, यांत्रिक बोट आणली, तोफेनं सुटणारा भाला आणला. काही वर्षांत तो प्रकल्प गुंडाळला गेला. तेना राहिल्या. मला यात नवल वाटत नाही. तोफेला खलाशी लागत नाहीत, शीड विणणारा लागत नाही. मग त्यांचा वाटा कशावर ठरवायचा?

बदल त्यांनी स्वतःहून केले आहेतच. मशीन लावलेल्या लहान होड्यांना ते ‘जोन्सोन’ म्हणतात, इंजिनाच्या एका जुन्या ब्रँडवरून. त्या होड्या आता तेनांना ओढत नेतात. पोरं शिकून बाहेर पडतात, आणि ते आजचंही नाही. इंडोनेशियाचे नामवंत भाषातज्ज्ञ गोरिस केराफ १९३६ साली याच गावात जन्मले आणि त्यांनी आपल्या गावच्या बोलीचं व्याकरण लिहिलं.

शिकारीबद्दल माझं मत विचाराल, तर ते सांगायला मला जड जातं. स्पर्म व्हेल हा कळपानं राहणारा, पिलांना एकत्र सांभाळणारा प्राणी आहे. त्याचं मरण सोपं नसतं. इंडोनेशियाच्या १९९९ च्या नियमांत सगळे देवमासे आणि डॉल्फिन संरक्षित आहेत, या गावाकडे मात्र सरकार परंपरा म्हणून पाहतं. २००९ मध्ये सावू समुद्राचं सागरी राखीव क्षेत्र ठरत होतं. तेव्हा गावानं विरोध केला आणि लेम्बाताचं पाणी त्यातून वगळलं गेलं. या गावाच्या वल्ह्यांवर चालणाऱ्या होड्यांनी जगातले देवमासे संपत आणले नाहीत. ते विसाव्या शतकात कारखानी जहाजांनी केलं. म्हणून गावानं थांबावं असं सांगणाऱ्यानं आधी त्या १२ कणसांचं काय करायचं ते सांगावं, एवढंच माझं म्हणणं आहे. जोन्सोनवरून डॉल्फिन मारून रोख पैशाला विकणं मात्र मला वाटणीच्या त्या जुन्या रीतीत बसताना दिसत नाही.

शिकारीचा हंगाम, ‘लेफा’, मे महिन्यात सुरू होतो आणि ऑक्टोबरपर्यंत चालतो. त्याआधी घराणी पुळणीवर एकत्र बसतात आणि वर्षभराची भांडणं मोकळेपणानं काढून मिटवतात. घरात कुणाच्या मनात अढी असेल तर भाला चुकतो, असं मानतात. गाव कॅथलिक आहे. हंगामाच्या आदल्या संध्याकाळी पुळणीवरच्या छोट्या चॅपेलपाशी समुद्रात गेलेल्यांसाठी प्रार्थना होते. त्यांची नावं घेतली जातात. अंधार पडला की मेणबत्त्या पेटवून पाण्यावर सोडतात, आणि पोरं-बायका त्या लांब जाईपर्यंत वाळूत बसून राहतात. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थना होते, होडीवर पवित्र पाणी शिंपडतात, आणि रात्री मेणबत्त्या गेल्या त्याच लाटांत होडी ढकलतात.