काट्यापासून ऑफिसपर्यंत

श्रोतेहो, नमस्कार.

देवनागरीतला १ आणि ९ घाईघाईत लिहून बघा. जुळे भाऊ दिसतात. आमच्या दालमिलमध्ये या जुळ्यांनी वर्षानुवर्षं गोंधळ घातला. तुरीचं पोतं काट्यावर चढायचं, मापाडी वजन ओरडायचा, पोरगा ते चिठ्ठीवर उतरवायचा आणि चिठ्ठी घेऊन शेडपासून ऑफिसपर्यंत पळायचा. चिठ्ठी कधी घामानं भिजलेली, कधी तुरीला चोळायच्या तेलाचा डाग पडलेली. ५१ चे ५९ झाले तर नुकसान आमचं, ५९ चे ५१ झाले तर शेतकऱ्याचं. आणि शेतकऱ्याचं झालं की ती गोष्ट संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावाच्या पारावर पोचलेली असायची.

म्हणून आम्ही बिनतारी काटा घेतला. वजन झालं की आकडा हवेतून थेट ऑफिसच्या कॉम्प्युटरवर. विकणाऱ्यानं ऑफिसात टेबलावर काटा ठेवून दाखवला, पेपरवेट तोलला, आकडा झटक्यात आला. आम्ही खूश. दुसऱ्या दिवशी तोच काटा शेडमध्ये नेला आणि सगळं ठप्प! विकणारा तोवर धुळ्याला पोचला होता. त्याचा फोनही लागेना.

कारण साधं होतं, पण आम्हाला कळायला महिना गेला. आमचं शेड पत्र्याचं. धातूचा पत्रा रेडिओलहरी परतवून लावतो. त्यात वाय-फायचा डबा आम्ही ठेवला होता लोखंडी तिजोरीला टेकवून, कारण स्विच तिथे होता. वाय-फाय मुख्यतः दोन पट्ट्यांवर चालतं, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिल्या पट्टीची लहर साडेबारा सेंटिमीटरची. ती विटांच्या भिंतीतून त्यातल्या त्यात बरी जाते. ५ ची वेगवान, पण भिंतीपुढे लवकर दमते. पत्र्यापुढे दोघी सारख्याच. शिवाय ओलसर मालाच्या पोत्यांची थप्पी मधे उभी राहिली की पाणी लहरी शोषून घेतं. म्हणजे हंगामात, जेव्हा काट्याची खरी गरज, तेव्हाच सिग्नल मेलेला.

शेवटी काय केलं? ऑफिसपासून शेडपर्यंत पाइपातून नेटवर्कची तार ओढली आणि शेडच्या आत दुसरा डबा उंचावर बसवला. हो, बिनतारी यंत्रणेसाठी आधी तार ओढावी लागली! ही तांब्याची तार १०० मीटरपर्यंतच भरवशाची, हेही तेव्हाच कळलं. आमचं अंतर त्याच्या आत होतं, हे नशीब. तेव्हा व्यापारी मित्रांनो, कुणी काही विकायला आला तर त्याला गादीवर बसवून चहा पाजू नका. आधी जिथे काम होतं तिथे न्या, भर दुपारी, मोटरी चालू असताना, आणि म्हणा, आता दाखवा.

दुपार म्हटलं म्हणून सांगतो. बऱ्याच मोबाइलच्या माहितीपत्रकात वापराचं तापमान ३५ अंशांपर्यंत दिलेलं असतं. जळगाव-भुसावळला मे महिन्यात ४५ अंश म्हणजे नवल नाही, आणि पत्र्याखालची गोष्ट तर विचारूच नका. आमचा शेडमधला फोन उन्हाळ्यात स्वतःच बंद पडायचा. आता तो पाण्याच्या माठाशेजारी, सावलीच्या कोनाड्यात असतो. चार्जिंगच्या भोकात डाळीची भुकटी बसते, ती रोज रात्री ब्रशनं झाडायची. हे काम कुठल्याही पुस्तिकेत लिहिलेलं नाही.

पण खरी परीक्षा माणसांची. हमालांची हजेरी घ्यायला आम्ही बोटांचे ठसे घेणारं यंत्र आणलं. पोती उचलून उचलून ज्यांच्या बोटांवरच्या रेघाच झिजल्यात, त्यांचे ठसे ते कसं घेणार? पाच पाच वेळा बोट टेकवायचं आणि यंत्र म्हणायचं, पुन्हा करा. एका जुन्या हमालानं तर विचारलं, "हाई काय शे भाऊ, मी मना हातवर भरोसा ठेवू का यानावर?" ते यंत्र आम्ही परत केलं. टचस्क्रीनचंही तेच. कोरड्या, घट्टे पडलेल्या, धुळीच्या बोटाला काच दाद देत नाही. म्हणून काट्याला एकच मोठं, दाबायचं बटण बसवून घेतलं. पोतं ठेवलं, आकडा स्थिर झाला, बटण दाबलं, झालं. ते बटण कोपरानंही दबतं.

पैशाचं फार सांगत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. यूपीआय २०१६ साली आलं आणि आता पानटपरीवरही चौकोनी कोड लटकतो. एवढंच लक्षात ठेवा की पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायला बहुतेक वेळा लागतो. कुणी स्क्रीनशॉट दाखवला तर त्याला माल देऊ नका, आपल्या खात्यात जमा झाल्याचं बघा. फसलात तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.

एक चूक मात्र कबूल करतो. ऑर्डरी घ्यायचा व्हॉट्सअ‍ॅप नंबर आम्ही ऑफिसातल्या पोराच्या नावावरच ठेवला होता. पोरगा हुशार, दुसरीकडे बरी नोकरी मिळाली, गेला. सिम त्याचं, नंबर त्याचा, गिऱ्हाइकं त्या नंबरवर. भांडण नको म्हणून गप्प बसलो. धंद्याचा नंबर धंद्याच्या नावावर हवा, हे माझ्या आजोबांना सांगावं लागलं नसतं. त्यांनी रोकडवही कधी कुणाच्या घरी जाऊ दिली नाही.

आणि आपल्याकडे हे जमत नाही असं म्हणणाऱ्यांना अमळनेरची आठवण द्या. १९४५ साली तिथे वनस्पती तुपाची कंपनी उभी राहिली. तीच पुढे विप्रो म्हणून जगभर संगणकाचं काम करू लागली.

आता आमच्याकडे काट्यावर मोठ्या लाल आकड्यांची पाटी आहे, तोंड शेतकऱ्याकडे केलेली. गाडी फाटकाबाहेर पडायच्या आत त्याच्या मोबाइलवर वजनाचा मेसेज जातो. चिठ्ठी बंद झाली. मापाडीलाही म्हटलं होतं, आता ओरडायची गरज नाही. चार दिवस तो गप्प राहिला. पाचव्या दिवशी चोपड्याकडचे एक आजोबा हरभरा घेऊन आले. वजन झालं, मेसेज आला. त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "भाऊ, हाई वाची दे."

मी वाचून दाखवलं. त्यांनी माझ्याकडे नाही, मापाडीकडे बघितलं. तोही शेतकऱ्याचाच पोरगा, त्यानं पाटीकडे पाहून तोच आकडा मोठ्यानं म्हटला. मग आजोबांनी मान हलवली आणि बैलगाडीकडे वळले. तेव्हापासून मापाडी पुन्हा ओरडतो.