मुक्तीनंतर उरते काय?

नमस्कार मंडळी,

गेल्या गणेशोत्सवात आरत्या झाल्या, नेहमीप्रमाणे ‘हेचि दान देगा देवा’ म्हणून झाले आणि प्रसादाच्या रांगेत आपल्या मराठी शाळेतील एका दहा वर्षांच्या मुलीने मला गाठले. “काका, मोक्ष मिळवायचा असतो असे तुम्ही वर्गात सांगितले होते, मग तुकोबा ‘न लगे मुक्ति’ का म्हणतात?” हातातला खिरापतीचा द्रोण सावरत मी काहीतरी मोघम बोललो आणि सुटलो. आजचे भाषण ही त्या उत्तराची थकबाकी आहे.

आपल्या दर्शनांचा, म्हणजे तत्त्वज्ञानाच्या परंपरांचा, विचार करताना मोक्ष कसा मिळतो हे आपण आधी विचारतो. परंतु मुक्त झाल्यावर नेमके काय उरते हे विचारले, की त्यांच्यातील खरी भांडणे समोर येतात. दर्शन कशाला सत्य मानते, त्यावर त्याच्या मोक्षात काय शिल्लक राहते हे ठरते.

सांख्य दर्शनाच्या मते प्रकृती, म्हणजे जड सृष्टीचे मूळ, आणि पुरुष, म्हणजे चेतन आत्मा, ही दोन्ही तत्त्वे सत्य आहेत. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकांमध्ये, म्हणजे या दर्शनाच्या सूत्ररूप श्लोकांमध्ये, दृष्टांत आहे, की नर्तकी रंगमंचावर स्वतःला दाखवून झाले की नृत्य थांबवते, तशी प्रकृती पुरुषापुढून निवृत्त होते. उरतो तो केवळ साक्षी पुरुष, आणि त्याचे ते एकटे असणे म्हणजे कैवल्य. तेथे आनंदाचे वर्णन नाही. आनंद हाही अखेर प्रकृतीच्या सत्त्वगुणाचाच खेळ.

नैयायिक, म्हणजे गोतमाच्या न्यायदर्शनाचे अनुयायी, याहून कोरडे आहेत. मिथ्याज्ञान गेले की दोष जातात, दोष गेले की प्रवृत्ती (म्हणजे कर्मे), मग जन्म आणि शेवटी दुःख, अशी त्यांची साखळी. दुःखाची आत्यंतिक निवृत्ती म्हणजे अपवर्ग. पण ज्ञान आणि सुख हे आत्म्याचे येणारे-जाणारे गुण असल्यामुळे तेही त्या अवस्थेत राहत नाहीत. बाराव्या शतकातील श्रीहर्षाने नैषधीयचरित या काव्यात एका चार्वाकाच्या, म्हणजे मोक्षच न मानणाऱ्या जडवाद्याच्या, तोंडून यावर टोला हाणला आहे: ज्याने शहाण्यासुरत्या माणसांना दगड होण्यासाठी शास्त्र सांगितले, तो गोतम नावाप्रमाणेच ‘गो-तम’, म्हणजे बैलांतला बैल! टीका अन्यायाची आहे, कारण ज्याला दाढदुखीने रात्रभर जागे ठेवले आहे त्याला दुखणे थांबणे पुरेसे वाटते. तरीही ती बोचते खरी.

वेदान्त्यांचा, म्हणजे उपनिषदांना प्रमाण मानणाऱ्यांचा, वाद एकाच ब्रह्मसूत्रांच्या अर्थावरून आहे. अद्वैत, म्हणजे ब्रह्म एकच आहे असे, सांगणाऱ्या शंकराचार्यांच्या मते जे तिन्ही काळांत बाधित होत नाही, म्हणजे खोटे ठरत नाही, तेच सत्य. दोरीवर भासणारा साप दिव्याच्या उजेडात बाधित होतो, तसे हे जग ब्रह्मज्ञानाने. म्हणून मुक्ती ही नव्याने मिळवायची वस्तूच नाही आणि ती देह असतानाही शक्य आहे. कुंभाराने हात काढला तरी चाक जसे काही काळ फिरते, तसा ज्ञान्याचा देह प्रारब्ध, म्हणजे फळ देऊ लागलेले पूर्वकर्म, सरेपर्यंत चालतो. रामानुजाचार्यांना हे मान्य नाही. त्यांच्या मते जीव आणि जग हे ब्रह्माचे शरीर, म्हणून सत्यच. मुक्त जीव देहपातानंतर ज्ञानात आणि आनंदात ईश्वरासारखा होतो, मात्र जग निर्माण करण्याचे सामर्थ्य त्याला मिळत नाही. मध्वाचार्य तर भेद मोक्षातही कायम ठेवतात: लहानमोठी सर्व भांडी काठोकाठ भरलेली, तरी प्रत्येकाचे माप वेगळे, असा मुक्तांच्या आनंदातील तारतम्यभाव ते सांगतात.

गोव्यातील मंडळींना हा वाद पोथीतलाच वाटायचे कारण नाही. तिथल्या सारस्वत ब्राह्मणांपैकी कवळे मठाचे अनुयायी शंकराचार्यांचे अद्वैती, तर पर्तगाळी मठाचे मध्वाचार्यांना मानणारे माध्व. तत्त्वज्ञानात जग खोटे की खरे इथपर्यंत मतभेद, आणि तरीही दोन्हीकडच्या घरांत सोयरिकी होतात.

ज्ञानदेवांकडे वळले की सूर बदलतो. अद्वैत त्यांना प्रिय आहे, परंतु आपल्या अमृतानुभव या ग्रंथाच्या सातव्या प्रकरणात ते अज्ञानाचेच विस्ताराने खंडन करतात. अज्ञान नावाची स्वतंत्र वस्तूच नसेल, तर तिच्यापासून सुटण्याची घाई कसली? दिसणारे जग हा त्या चैतन्याचाच विलास ठरतो, आणि ते पुसून टाकण्याची गरज उरत नाही.

आणि तुकोबा? नैयायिकांच्या साखळीत जन्म हे दुःखाचे दार आहे; तुकोबा त्याच दारातून पुन्हा आत यायला तयार होतात. ‘तुका म्हणे गर्भवासी सुखें घालावें आम्हांसी’ या ओळीआधी त्यांनी ‘संतसंग देई सदा’ अशी मागणी करून ठेवली आहे, हे आपण टाळ वाजवताना विसरतो. ज्याला देवाचे गुण गायचे आहेत, त्याला गाणारा वेगळा उरावा असे वाटते. सगळे एकच झाले तर गायचे कोणी आणि ऐकायचे कोणी? त्या मुलीला मी द्रोण खाली ठेवून एवढेच सांगायला हवे होते, की तुकोबांना मुक्ती परवडत नव्हती म्हणून नव्हे, तर तिच्या बदल्यात कीर्तन सोडावे लागेल म्हणून त्यांनी ती नाकारली.